फ्रिजमागचा वास

फ्रिजच्या पाठीमागचं हवामान वेगळं असतं. पुढून दार उघडलं की गारवा अंगावर येतो. मागं मात्र भिंत आणि जाळीच्या मधल्या वीतभर जागेत बारमाही उन्हाळा. तापलेली धूळ, कॉम्प्रेसरच्या तेलाचा जड वास, जुन्या रबराचा वास, कोपऱ्यात कधी एखादी वाळून कागद झालेली पाल. माझं अर्धं लहानपण त्या वीतभर जागेत डोकं घालून गेलं.

गेल्या महिन्यात गेवराईला गेले ते दादांचं दुकान रिकामं करायला. दादा म्हणजे माझे वडील. गावात त्यांना मिस्त्री म्हणत, फ्रिजवाले मिस्त्री. दुकान विकलं, घेणाऱ्याला तिथं मोबाइल विकायचे आहेत. शटर गुडघ्यापर्यंत वर आलं आणि अडकलं, म्हणून वाकून आत गेले. आठ फ्रिज भिंतीला पाठ लावून उभे होते. आठांचीही दारं काढून बाजूला ठेवलेली. मेलेल्या फ्रिजला दार ठेवायचं नाही, हा दादांचा नियम होता. जुन्या दारांच्या कड्या बाहेरूनच उघडतात, आत लपलेल्या लेकराला आतून उघडता येत नाही. त्यांनी तसं कुठं पाहिलं होतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

आठांतला सगळ्यात जुना गोल खांद्यांचा, सायीच्या रंगाचा. निजामाच्या शेवटच्या वर्षांत एका सरकारी डॉक्टरांनी हैदराबादहून आणवलेला. ज्या अमेरिकन कंपनीनं तो बनवला तिनं फ्रिज करणं कधीच सोडलं, नाव दुसऱ्याला विकलं, त्या दुसऱ्यानं तिसऱ्याला. दारावरची तिरकी चकचकीत अक्षरं तेवढी राहिली. त्याच्यानंतर मुंबईत बनलेले, चौकोनी, फिकट निळे आणि पोपटी. मग लाल आणि विटकरी रंगाचे, लग्नात दिलेले, दारावर हळदीच्या बोटांचे डाग वर्षानुवर्षं सांभाळणारे. दादांना रंगावरून आणि कडीवरून सांगता यायचं, कोणता फ्रिज कुणाच्या घरात कोणत्या लग्नात आला.

आमच्या आजीला ज्या घरांत ओटीवर बसवून वरून पाणी वाढलं जायचं, त्याच घरांत दादा थेट स्वयंपाकघरात जायचे. फ्रिज तिथंच असतो ना. बायका डबे उतरवून घ्यायच्या, लोणच्याच्या बरण्या बाजूला करायच्या, आणि दादा चपला बाहेर काढून, हात पुसून, आत शिरायचे. फ्रिजच्या पोटात तोंड घालून एकदा खोल श्वास घ्यायचे. त्या श्वासावर त्यांचं सगळं नाव उभं होतं.

"तेल करपलंय. कॉम्प्रेसर गेला बाई तुमचा."

उघडून बघितलं की तेल करपलेलंच असायचं.

घरी ते हेच माझ्याबरोबर खेळायचे. उपरणं डोळ्यांवर बांधायचं आणि एकेक वस्तू नाकाशी धरायची. आधी तुळस, मग हिंग, मग रॉकेलचा बोळा. नेहमी याच क्रमानं, कारण रॉकेलनंतर नाकाला दुसरं काही कळत नाही. मी चुकले की ते हसायचे, बरोबर ओळखलं की नुसते माझ्याकडे बघायचे. "नाक तयार कर ग पोरी. डोळे फसतेत, नाक न्हाई फसत."

गॅसविषयी ते ओळखीच्या माणसांविषयी बोलावं तसं बोलायचे. हैदराबादेत ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्यानं गंधकाच्या वायूवर चालणारे फ्रिज हाताळले होते. "लई कडक गॅस. गळला की घरातली माणसं खोकत खोकत रस्त्यावर. पर इमानदार व्हता. सांगून मारायचा." मग बिनवासाचा आला. तो पेटत नाही, बाधत नाही, दिसत नाही. एका शास्त्रज्ञानं म्हणे तो तोंडात भरून मेणबत्तीवर फुंकर मारली आणि विझवून दाखवली. जगानं टाळ्या वाजवल्या. पुढं कळलं की तो माणसाला काही करत नाही, पण वर जाऊन आभाळाला भोक पाडतो. मग त्यालाही काढलं. दुसरा आला, तिसरा आला, आणि अलीकडे कारखान्यातून येणाऱ्या नव्या फ्रिजच्या पाठीवर ज्योतीचं चित्र असलेली पिवळी चिकटपट्टी दिसायला लागली. आतला गॅस पेटतो, असा त्याचा अर्थ. दादा ती पट्टी बघून हसले होते. "फिरून परत चुलीपाशी आलं म्हणायचं."

बिनवासाचा गॅस कुठून गळतो हे नाकाला कळत नाही. त्यासाठी दादांकडे दिवा होता. हातभर उंचीचा, पितळी, वर एक तांब्याची चकती आणि बाजूला रबरी नळी. नळी हवा ओढते, हवा ज्योतीत जाते. नळीचं तोंड गळतीपाशी आलं की निळी ज्योत हिरवी होते. भर दुपारी, बाहेर ऊन रटरटत असताना, घरातले पडदे ओढून घ्यायचे. अंधार केल्याशिवाय रंग दिसत नाही. घरातली माणसं दारात गोळा व्हायची. दादांचा हात पाइपवरून मुंगीच्या गतीनं सरकायचा. आणि मग एका जागी ज्योत पालटायची. कोवळ्या पानासारखा, खोटा वाटावा असा हिरवा. मी तो रंग नंतर कुठं पाहिला नाही.

त्या हिरव्या ज्योतीचा धूर नाकाला झोंबायचा, घशात खवखवायचा. दादा मला कोपरानं मागं ढकलायचे. "ह्यो धूर घ्यायचा न्हाई." ते स्वतः तिथंच, वीतभर अंतरावर, मान वाकवून उभे असायचे. एका उन्हाळ्यात किती तरी घरं, आणि असे तीस उन्हाळे.

नाक केव्हा गेलं ते सांगता येत नाही. मातीच्या माळवदाला ओल येते तसं हळूहळू झालं असणार. एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर काळा वास, आणि दादा चुलीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. आई पाण्याची घागर घेऊन आत आली आणि ओरडली, "दूध जळायलंय की! कळंना का तुमाला?"

"सर्दी हाय," दादा म्हणाले.

जयंतीच्या दिवशी दारावर निळा झेंडा लावला, खीर केली, ती तळाला लागली, तेव्हाही सर्दी होती. भर चैत्रात सर्दी. आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे. पुढं काही बोलायचं नाही असं आमचं न बोलता ठरलं होतं. ज्या माणसाची भाकरी नाकावर आहे, त्याला तुझं नाक गेलं असं कोण सांगणार?

त्याच चैत्रात, जयंतीसाठी मी बीडहून घरी आले होते. तिथं मी कॉलेजात शिकवते. दादांचा गुडघा धरला होता म्हणून स्कूटीवर मागं बसवून त्यांना कामाला मीच न्यायचे. त्या दुपारी निर्मलाकाकूंकडे गेलो. काकू जुन्या गिऱ्हाईक, फ्रिजही जुना, फिकट निळा. थंड करत नाही अशी तक्रार. मध्ये एकदा त्यांनी बसस्टँडमागच्या नव्या मेकॅनिककडून गॅस भरून घेतला होता. दादांना वाईट वाटेल म्हणून ते सांगितलं नाही. तो मेकॅनिक दोन उन्हाळे गावात होता, मग गेला. त्यानं फ्रिजमध्ये स्वयंपाकाचा गॅस भरला होता. स्वस्त पडतो, आणि थंडही छान करतो. हे सगळं नंतर कळलं.

मी पडदे ओढले. दादांनी फ्रिजचं दार उघडलं. आणि मला वास आला.

सडक्या कांद्याचा, लसणाचा, सगळ्या घरांना ओळखीचा वास. ओट्याखाली सिलिंडर होता. आम्ही आलो तेव्हाच काकू म्हणाल्या होत्या, "आजच टाकी बदलली, चहा टाकते." मला वाटलं, तिचाच. दादांनी बर्फाच्या कप्प्यात तोंड घालून नेहमीसारखा खोल श्वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो शांत होता.

"तेल बरं हाय. गळतीच असंल," ते म्हणाले, आणि दिवा पेटवला.

आवाज मला आठवत नाही. आठवतो तो उजेड. पडदे ओढलेल्या खोलीत एकदम दुपार झाली. नळी वर नेताना दादांचा हात दिसत होता, मग दिसेनासा झाला. फ्रिजचं दार बिजागऱ्यांतून निघून समोरच्या मांडणीवर आदळलं. भांडी पडत राहिली, बराच वेळ, एकेक. काकू परसात होत्या म्हणून वाचल्या. दादा खाली बसले होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. भुवया नव्हत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "काकू, माफ करा."

बीडच्या दवाखान्यात दादा एकवीस दिवस होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी पांढरे. मलमाचा वास, फिनेलचा वास, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या संत्र्यांचा वास. चौथ्या दिवशी ओठांची सूज उतरली आणि त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही.

"तुला वास आलता का ग?"

मी संत्रं सोलत होते. हो म्हणावं तर दोन गोष्टी खऱ्या ठरत होत्या: एक, त्यांचं नाक गेलं, दुसरी, मला कळलं आणि मी तोंड उघडलं नाही. कोणती मला जास्त नको होती, हे मी अजून स्वतःला विचारते.

"न्हाई, दादा."

त्यांनी डोळे मिटले. "मंग बरं. मला वाटलं माझंच नाक गेलं."

दिवाळीनंतर ते दुकानात बसायला लागले. हातांची नवी कातडी गुलाबी, ताणलेली, लहान लेकराच्या कातडीसारखी. मी सुट्टीत घरी आले तेव्हा ते बाकड्यावर बसून दिव्याची तांब्याची चकती वाळूनं घासत होते. नळी नवी बसवली होती.

"एकदा झालं. रोज थोडंच व्हतंय," ते म्हणाले. "तुलाबी वास न्हाई आला, मला न्हाई आला. त्या गॅसला वासच नसंल."

माझ्या एका शब्दावर तो दिवा पुन्हा उभा होता. उद्या ते कुणाच्या तरी घरी जातील, पडदे ओढायला सांगतील, लेकरं दारात गोळा होतील. रात्रभर मी छतावरचा पंखा बघत पडले. सकाळी त्यांचं उपरणं घेऊन दुकानात गेले.

"दादा, बसा. डोळे बांधते."

ते हसले. "आता या वयात?"

पण बसले. मी बांधलं. आधी नाकाशी हिंग धरला. खडा हिंग, बोटांनी चुरलेला.

"तुळस," दादा म्हणाले.

मग रॉकेलचा बोळा धरला, नाकाला जवळजवळ टेकवून.

"हिंग."

मग तुळस. त्यांनी श्वास घेतला, मान हलवली, आणि जरा हसूनच म्हणाले, "रॉकेल."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. ते हसू त्यांच्या ओठांवर राहून गेलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं.

"चुकलं व्हय?"

"हो."

"समदी?"

"समदी."

त्यांनी उपरणं स्वतःच सोडलं, घडी घातली, मांडीवर ठेवली. "तुला आलता ना वास. त्या दिवशी."

"आलता, दादा. मला वाटलं काकूंच्या टाकीचा."

मला वाटलं ते चिडतील. ते उठले, दिव्यातलं इंधन बाहेर मातीत ओतलं, नळी उपसून काढली आणि चकती खिशात घातली. मग दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आवाज वेगळा होता.

"त्या मेकॅनिकनं अजून किती घरांत भरला आसंल?"

ते त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर निघालो. दादा पुढं, मी मागं. त्यांनी विचारायचं, "बसस्टँडमागच्या मेकॅनिककडून गॅस भरलाय का?" आणि हो म्हटलं की मी आत जायचं. बटणाला हात लावायचा नाही, आधी खिडक्या उघडायच्या. मग फ्रिजच्या मागं, त्या वीतभर जागेत, डोकं घालून श्वास घ्यायचा. मी दादांचं नाक झाले होते. थंडीचे दिवस. मागच्या उबेला कुठं मांजर निजलेलं असायचं, कुठं सुकायला टाकलेले मोजे. समोर पाटावर एखादी मुलगी पाढे म्हणत बसलेली. त्या सगळ्यांच्या मधे तो घरघर करत उभा. शांत, पांढरा, भरलेला. आत थर्मोस्टॅटची एक बारीक ठिणगी दिवसातून कितीदा पडते याचा हिशोब मी मनात करायचे आणि मग करायचा नाही असं ठरवायचे.

तीन घरांत तो वास सापडला. दादांनी फ्रिज उचलून अंगणात आणवले, पाइप कापला, गॅस वाऱ्यावर सोडून दिला. लोक लांब उभे राहून बघत. काही निघताना दिसत नव्हतं. फक्त मी नाकाला पदर लावत होते, आणि दादा माझ्या पदराकडे बघून समजत होते की निघतोय.

चौथं घर शेळके मास्तरांचं. विटकरी फ्रिज, दारावर पोचा पडलेला आणि पोच्यावर फुलांचं स्टिकर. मागं वाकले आणि मला तो आला. पुसट. गेल्यासारखा वाटून परत येणारा.

"दादा, हाय."

मास्तर स्वतः वाकले. "कांद्याचा वास हाय हो. ही बघा टोपली." फ्रिजला लागून खरंच कांद्यांची टोपली होती. टोपली बाहेर नेली. मी पुन्हा वाकले. वास होता. की नाकात राहिलेला होता?

"सर, एकदा उघडू द्या. मी पैसे घेणार न्हाई," दादा म्हणाले.

"मिस्त्री, तुमचा हात भाजला म्हणून साऱ्या गावाचे फ्रिज फोडायलात का?" मास्तर रागानं बोलत नव्हते, समजूत घालत होते. "चांगला गार करायलाय. उगं चालत्या गाडीला खीळ कशाला?"

दादांनी गुलाबी हात जोडले. मास्तरांना ते बघवेना. ते आत निघून गेले. दादा पुन्हा दोनदा गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. मास्तरांची बदली झाली होती. कुठं, ते घरमालकाला नीट सांगता आलं नाही.

दोन वर्षांनी दादांच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. शेवटच्या आठवड्यात ते फार बोलत नव्हते. कधी पाणी मागत, कधी खिडकी उघडायला सांगत, उघडी असली तरी. एका दुपारी मी उशाशी होते. त्यांनी डोळे उघडले.

"त्या मास्तरचा फ्रिज सापडला का ग?"

सापडला म्हणणं सोपं होतं. अंगणात नेला, वाऱ्यावर सोडला, एवढं म्हटलं असतं तर ते डोळे मिटून स्वस्थ झाले असते. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीही तेच सांगत होती. पण एकदा त्यांना स्वस्थ करून मी काय केलं होतं, ते मला माहीत होतं.

"न्हाई सापडला, दादा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. जुन्या दिवसांत मी खेळात बरोबर ओळखलं की ते बघायचे, तसं.

"शोध मंग," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात दुकानाची किल्ली दिली तेव्हा शेजारच्या टेलरनं सहज सांगितलं की शेळके मास्तर आता आष्टीला असतात, शाळेजवळ घर बांधलंय. मी घरी न जाता आष्टीची गाडी धरली. पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मास्तर शाळेत होते. त्यांच्या पत्नीनं ओळखलं, "अगं बाई, मिस्त्रींची लेक!" म्हणत आत घेतलं, दादा गेल्याचं ऐकून डोळ्यांना पदर लावला.

स्वयंपाकघराच्या दारातूनच दिसलं. नवा, उंच, दोन दारांचा, चंदेरी.

"वहिनी, जुना विटकरी फ्रिज व्हता ना तुमचा?"

"त्यो व्हय. त्यो दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये दिला की."

मी शोरूमचा नंबर मागितला. वहिनींनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्या माणसानं आठवायचा प्रयत्नही न करता सांगितलं की जुने फ्रिज टेम्पोवाला उचलतो, बाजाराच्या गावांत विकतो, कुणाला ते लिहून ठेवत नाही. चालू असले तर दोन दिवसांत जातात. टेम्पोवाल्याचा नंबर दिला तो बंद होता.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तांब्या मी हातात तसाच धरलेला बघून त्यांना वाटलं, जुन्या वस्तूची हळहळ असावी. समजूत घालण्यासाठी त्या माझ्याजवळ पाटावर बसल्या.

"कावून, तुमाला पायजे व्हता का त्यो? लई चांगला हो. एवढ्या वर्षांत एकदाबी बंद पडला न्हाई. अजूनबी चालत आसंल बघा, कुणाच्या तरी घरी."